काळतोंड्यांच्या पोटात

नोकरीत होते तेव्हा रात्री जेवताना कुणी विचारलं, "आज काय केलं ऑफिसात?" तर मला खरं उत्तर देता यायचं नाही. ताटात आमटी असायची आणि मी दिवसभर कुणाच्या तरी म्हशीची पातळ शी काडीनं ढवळत बसलेली असायची. "होतं नेहमीचंच," असं म्हणून मी भाकरीचा तुकडा मोडायची. एकदा पाहुण्यांनी फारच लावून धरलं तेव्हा सासूबाईंनीच त्यांना हात जोडले. "तिला नका इचारू," म्हणाल्या, "ती सांगंल बगा खरंच."

परभणीत जनावरांचे रोग तपासणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथं मी जंतू वाढवायचं काम केलं. मारायचं काम डॉक्टरांचं, आमचं वाढवायचं. लोकांना हे ऐकून विचित्र वाटतं, पण रोग कोणत्या जंतूचा आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल हे कळायचं तर आधी त्याला खाऊ घालून मोठं करावं लागतं.

हे खाणं शिजवायचे आमचे खाजाभाई. शेवाळापासून काढलेली एक पावडर, थोडा मांसाचा अर्क, मीठ, पाणी. ते उकळून काचेच्या उथळ ताटल्यांत ओतायचं. थंड झालं की खरवसासारखं घट्ट होतं. सकाळी मी आत शिरले की खाजाभाई विचारायचे, "बाई, आज किती पाव्हणे? तेवढ्याच ताटल्या लावतो." त्यांचे वडील निजामाच्या काळात कुठल्याशा नवाबाच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, बावर्ची होते. खाजाभाई म्हणायचे, "अब्बांनी नवाबांना वाढलं, मी जंतूंना वाढतो. खानदानी धंदा हाय."

त्या ताटलीवर आजारी जनावराच्या पोटातले जंतू पसरायचे आणि वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. अगदी कपाळाला लावायच्या टिकल्यांएवढ्याच. ताटली उबेच्या कपाटात ठेवून घरी जायचं. सकाळी कपाट उघडलं की सगळ्या ताटलीवर जंतूंची पांढुरकी साय धरलेली असायची, पण ज्या टिकलीचं औषध लागू पडतं तिच्याभोवती मात्र स्वच्छ गोल जागा दिसायची. चंद्राला खळं पडतं ना, तसं. आम्ही त्याला खळंच म्हणायचो. खळं मोठं, तर औषध चांगलं. खळं नाही, तर ते औषध त्या जंतूपुढं पाण्यासारखं. आमचं सगळं शास्त्र हे एवढंच होतं, आणि त्यात माझी हयात गेली.

मी नवी लागले तेव्हा ताटल्या खळ्यांनी भरून जायच्या. कोणतंही औषध लिहून द्या, लागू पडायचं. पुढं पुढं खळी बारीक होत गेली आणि काही टिकल्यांभोवती दिसेनाशीच झाली. डोळ्यांदेखत झालं हे. गावातली ओळखीची घरं एकेक करून बंद होत जावीत, तसं वाटायचं.

आमच्याकडं गिऱ्हाईकं फार मजेशीर यायची. पेडगावचे एक काका म्हशीचं दूध दारूच्या बाटलीत घालून आणायचे आणि खिडकीतूनच ओरडायचे, "दूधच हाय मॅडम, गैरसमज नको!" एकानं जिवंत कोंबडी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हिचं मन लागंना कशात, बगा बरं जरा." पण ज्या बाईमुळं मी वानरांच्या मागं लागले, ती गयाबाई. ती आली तेव्हा तिच्या काखेत खताची पिशवी होती आणि पिशवीत मेलेलं कोकरू.

गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या पुढं डोंगराच्या कुशीत तिचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. तिचं सगळं घर मेंढ्या राखायचं. ती एसटीनं आली होती, कोकराला मांडीवर घेऊन.

"कंडक्टर काही बोलला नाही?" मी विचारलं.

"बोलला की. म्हणला, पिशवीत काय हाय? म्या म्हणलं, मेलेलं कोकरू हाय, तिकीट फाडतो का त्याचं? गप बसला." मग तिचा आवाज खाली आला. "मॅडम, ढाळ लागायलीय अन् मरायलेत. सारी कोकरं चाललीत. औषध देऊन देऊन दमलो आमी."

कोकराच्या आतड्यातून आम्ही जंतू वाढवला. सकाळी ताटली उजेडात धरली आणि मी खाजाभाईंना हाक मारली. टिकल्या जवळजवळ सगळ्या जंतूंच्या सायीत बुडून गेल्या होत्या. एखाद्या महागड्या औषधाभोवती तेवढं खळं. माळावर चरणाऱ्या मेंढीच्या लेकरात असा जंतू मी तोवर पाहिला नव्हता. मोठ्या दवाखान्यात महिनोन्‌महिने पडून असलेल्या माणसाच्या अंगात सापडावा, तसला होता तो. गयाबाई निकाल न्यायला आली तेव्हा तिलाही ती ताटली दाखवली.

म्हणून मी गावाला गेले.

गावाबाहेरच्या माळावर महादेवाचं देऊळ. देवळापुढं वडाची जुनी झाडं, झाडांखाली दगडी हौद, आणि हौदासमोर गुरुलिंगअप्पांचं किराणा दुकान. अप्पांच्या कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. देवळाची झाडलोट, पूजा, दिवाबत्ती त्यांच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या. मी जीपमधून उतरले तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर बसले होते आणि त्यांच्याभोवती वानरांचा अख्खा कळप. काळ्या तोंडाची, लांब शेपटाची, करड्या अंगाची. अप्पा भिजवलेले हरभरे मुठीत घेऊन हात पुढं करत होते आणि एकेक वानर येऊन त्यांच्या तळहातावरून दाणे उचलून नेत होतं. मी जागीच थबकले.

"शरणार्थ मॅडम, या," अप्पा म्हणाले. "भेऊ नका. हे काळतोंडे काय करत न्हाईत. माकडं येगळी अन् ही येगळी. माकड हिसकून घेतंय, वानर मागून घेतंय."

आतून त्यांच्या बायकोनं, शिवकांताबाईंनी, पाण्याचा तांब्या आणला. "सकाळचं आधी ह्यांना, मंग मला चहा," त्या वानरांकडं बोट दाखवून म्हणाल्या. "अन् त्यांची घाण कोण काढायचं? मी." पण बोलताना हसत होत्या. एक पिल्लू त्यांच्या पदराला लोंबकळत होतं.

तेवढ्यात गयाबाई आली. मी विचारलं, "कोकरांना औषध काय दिलं होतंस?"

"अप्पाच्या दुकानातली गोळी. ती लाल-काळी."

दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी कॅप्सूलची बरणी होती. ताप, ढाळ, गळू, खोकला, सगळ्यांवर तीच.

"ती माणसांची आहे गं."

"माणसाला चालती तर कोकराला कामून चालणार न्हाई? एकेकाच्या तोंडात कोण घालत बसावं? फोडायची अन् हौदात टाकायची. सगळेच पेतेत."

सगळेच पीत होते, हे मी तिथं उभ्या उभ्या पाहिलं. मेंढ्या एका बाजूनं हौदाला लागल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूनं एक वानरीण पिल्लाला पोटाशी धरून वाकून पाणी पीत होती. मला कोकराची ताटली आठवली आणि वाटलं, हिच्या पोटात काय असेल?

वानराला पकडायची गरज नव्हती. वानरं रात्री झाडावर झोपतात आणि उजाडलं की आधी पोट मोकळं करतात. आपण झाडाखाली हजर असलं म्हणजे झालं. वनखात्याची रीतसर परवानगी काढली आणि थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे खाजाभाई आणि मी वडाखाली उभे राहू लागलो, बर्फाचा डबा आणि कापसाच्या काड्या घेऊन. वरून पडलेलं ताजं ताजं उचलायचं, तेही मातीला लागलेलं सोडून आतलं. खाजाभाई डोक्याला मफलर गुंडाळून वर बघत राहायचे. "बाई, नमाजाला उठतो तेव्हा अल्लाकडं बघतो. आज ह्यांच्याकडं बघायलोय. माफ करंल ना?"

पाण्याला निघालेल्या बाया थांबून बघायच्या. एकीनं विचारलंच, "बाई, इतकं शिकून हेच काम आलं का गं वाट्याला?"

"ह्याच्यासाठीच शिकले," मी म्हणाले. माझं उत्तर तिला पटलं नाही. मला अजूनही पटतं.

नुसती देवळातली वानरं तपासून भागणार नव्हतं. ज्यांचा माणसाशी संबंध नाही अशीही हवी होती. गयाबाई म्हणाली, डोंगरापल्याडच्या दरीत एक कळप हाय, तिकडं आमी मेंढ्या बी नेत न्हाई. तिनंच वाट दाखवली. ती अनवाणी शेळीसारखी चढत होती आणि आम्ही दोघं मागून धापा टाकत. दरीतल्या वानरांनी आम्हाला लांबूनच पाहिलं, खेकसली आणि झाडांच्या शेंड्यांवर पसार झाली. हरभरे मागायचं त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी मागं सोडलेलं गोळा करून आम्ही उतरलो.

त्या आठवड्यातली एक सकाळ मी कधी विसरणार नाही. उबेचं कपाट उघडलं. दरीतल्या वानरांच्या ताटल्या आधी उचलल्या. खळीच खळी! मोठी, गोल, स्वच्छ, एकाला एक लागलेली. मी नवी नवी लागले होते तेव्हाच्या ताटल्या अशाच दिसायच्या. इतक्या वर्षांनी हरवलेलं माणूस रस्त्यात भेटावं तशी मी त्यांच्याकडं बघत राहिले. जुन्या जगाचा एक तुकडा त्या दरीत तसाच राहिला होता.

मग देवळातल्या वानरांच्या ताटल्या उचलल्या. कोकराच्या ताटलीसारख्याच. टिकल्या सायीत बुडालेल्या.

ही वानरं आजारी नव्हती, हे आधी सांगते. चांगली तुकतुकीत होती. हा जंतू प्रत्येकाच्या पोटात असतोच, तुमच्या-माझ्याही. बहुतेक वेळा गुमान राहतो. पण औषध अर्धवट मिळत राहिलं की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि हा चिवटपणा ते दुसऱ्या जंतूंनाही देतात. मग तो पाण्यातून, हातातून, घाणीतून एका पोटातून दुसऱ्या पोटात जातो. वानरांनी कधी डॉक्टर पाहिला नव्हता. तरी आमची औषधं त्यांच्या पोटात पोचली होती आणि हरूनही बसली होती.

मी हे सगळं आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी कुठल्याशा बैठकीत सांगितलं. बैठकीत एक बातमीदार होता. दोन-चार दिवसांत पेपरात मथळा आला की गंगाखेडच्या डोंगरात वानरांच्या पोटात औषधांना न जुमानणारे घातक जंतू. माणसांचं नाव बातमीत कुठंच नव्हतं. ज्यांची चूक त्यांचं सोडून बाकी सगळं छापून आलं होतं.

त्यानंतर गावचे सरपंच बापूराव प्रयोगशाळेत आले. माणूस वाईट नव्हता. त्यांचा हरभरा आणि तूर वानरं दरसाल तुडवायची. राखण करून गाव थकलं होतं आणि हे दुःख खोटं नव्हतं. ते समोर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम, ग्रामसभेत ठराव घ्यायलोय. वानरं धरून लांब सोडा म्हणून वनखात्याला द्यायचाय. पिकाचं सांगून सांगून कुणी ऐकंना. आता तुमचं ह्ये निघालं. फकस्त एक कागद द्या."

"कागदात काय लिहू?"

"वानरांमुळं रोग पसरायलाय."

"ते मला माहीत नाही, बापूराव. वानरांच्या पोटात हे जंतू आहेत, एवढं माहीत आहे."

"मंग तेच की!" ते म्हणाले, आणि मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "अप्पाची बायकू दवाखान्यात हाय, ठाऊक हाय का तुमाला? लघवीची जागा सुजली, ताप चढला, उतरंना. गंगाखेडला कोणतीच गोळी लागू पडंना म्हणून हितं परभणीला आणली. रोज वानराची घाण हातानं काढत होती ती. आता बोला."

मी दवाखान्याचं नाव विचारून घेतलं.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. अप्पा बाहेर बाकड्यावर बसले होते. भस्म लावलेलं नव्हतं. त्यांच्याशेजारी जाऊन बसले. डॉक्टर म्हणाले होते की आता एकच सलाइनमधून द्यायचं इंजेक्शन उरलंय, ते लागू पडलं तर पडलं.

समोरच्या भिंतीकडं बघतच अप्पा म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. माज्या वानरांनी केलं का ह्ये?"

"नाही सांगता येत, अप्पा. तिच्या पोटातून वानरात गेलं, का वानरातून तिच्यात आलं, का दोघांत पाण्यातून आलं, मला कळायला मार्ग नाही. तो जंतू तोच आहे का, हेसुद्धा मी पाहिलेलं नाही."

"पर वानरात हाय म्हणता."

"आहे. पण डोंगरापलीकडच्या वानरांत नाही."

"मंग ह्यांच्यात कुटून आलं?"

माझ्या मनात आलं, आजचा दिवस टाळावा. बायको आत तापानं फणफणलेली असताना माणसाला हे कसं सांगायचं? पण त्यांनी सरळ विचारलं होतं आणि माझ्याकडं वळून बघत होते.

"माणसांकडून," मी म्हणाले.

दुकानातली बरणी त्यांच्या डोळ्यांपुढं आली असावी, कारण त्यांनी विचारलं, "ती लाल-काळी गोळी का?"

"एकट्या तिनं नाही अप्पा. सगळीकडंच असं झालंय. डॉक्टर लोकही देतात, शहरातही देतात..."

पण ते ऐकत नव्हते. उठले, धोतराचा सोगा सावरला आणि आत बायकोजवळ गेले. मी तशीच बसून राहिले. इतकी वर्षं मी ताटल्या वाचून निकाल सांगत आले होते. जनावराचा मालक कधी रडायचा, कधी चिडायचा. पण निकाल सांगितला नसता तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

इंजेक्शन लागू पडलं. ताप उतरू लागला. शिवकांताबाईंनी डोळे उघडून पहिलं काय विचारलं, तर, "वानरांना कोण घालायलंय?"

ग्रामसभेच्या दिवशी त्या अजून दवाखान्यातच होत्या, पण जिवावरचं टळलं होतं. मी ठरवलं होतं की कागद द्यायचा नाही, जाऊन बोलायचं. जंतूंच्या ताटल्या गावात न्यायच्या नसतात, म्हणून त्यांचे फोटो काढून मोठे करून घेतले. स्टुडिओवाला फोटो हातात देताना म्हणाला, "मॅडम, डोसे कुठले आहेत हे? जाळी काय मस्त पडलीय."

सभा देवळापुढंच भरली, दुपारी, वडाच्या सावलीत. वर फांद्यांवर वानरं बसली होती आणि खाली त्यांना हाकलायचा ठराव. बापूरावांनी पेपरातली बातमी वाचून दाखवली. लोक माना डोलवत होते. एक जण म्हणाला, "लेकरं खेळतेत हितं. उद्या लेकरांला झालं तर?" भीती खरी होती. त्या माणसाला मी काय म्हणून हसणार?

मी उभी राहिले आणि दोन फोटो वर धरले.

"हे बघा. ह्याच्यात गोल गोल खळी दिसतात, म्हणजे औषध लागू पडतं. हे डोंगरापलीकडच्या वानराचं. आणि ह्याच्यात खळंच नाही. हे आपल्या देवळातल्या वानराचं. दोन्ही वानरंच. एकाच डोंगरातली. मग फरक कशानं पडला?"

पुढं बसलेली गयाबाई दुसऱ्या फोटोकडं निरखून बघत होती. "ह्ये तर माज्या कोकराचं दावलं होतं तसंच हाय की," ती म्हणाली.

"तसंच आहे. कारण दोघं एकाच हौदाचं पाणी पितात. वानरं उचलून दुसऱ्या रानात सोडली, तर हा जंतू त्या रानात जाईल. आणि इथला काही जाणार नाही. मेंढ्यांत राहील, आपल्यात राहील. औषधं चुकीची आणि अर्धवट दिल्यानं हे होतं. वानरांपर्यंत ते आपल्याकडून गेलंय."

"आपल्याकडून म्हंजी कुणाकडून?" बापूरावांनी विचारलं. "असं मोघम नगा बोलू. हितं औषध देतंय कोण?"

मी कुणाचं नाव घेणार नव्हते. ते मी येतानाच ठरवलं होतं. "सगळीकडंच देतात," मी म्हणाले. बापूराव हसले. सभेत कुजबुज सुरू झाली. माझं बोलणं हातातून निसटलं, हे मला कळलं.

तेव्हा मागून अप्पा उठले. दवाखान्यातून ते सकाळच्याच गाडीनं आले होते, हे मला माहीतही नव्हतं. ते पुढं आले, हौदाच्या कठड्याला हात टेकून उभे राहिले.

"मी देतो," अप्पा म्हणाले. "बापूराव, तुमाला बी दिलीय. कुणी म्हणलं ताप हाय, दिली. ढाळ हाय, दिली. मी डॉक्टर न्हाई. दोन घ्या म्हणायचो, बरं वाटलं की ऱ्हायलेल्या ठिवून द्या म्हणायचो. लोकांचं भलं करायलोय, असं वाटायचं मला. माज्या मंडळीला हितूनच झालं का, ते मॅडमला बी ठाऊक न्हाई, मला बी न्हाई. कदी कळणार न्हाई. पर ठराव घ्यायचा तर माज्यावर घ्या. वानरांनी काय दुकान मांडलं नव्हतं."

वडावर एक पिल्लू चिरकलं.

मग गयाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "हौदात मी टाकल्या. अप्पा न्हाई आला टाकायला."

"अन् मागत आमीच होतो की," मागचा एक म्हातारा म्हणाला. "ह्यानं न्हाई म्हणलं तर शिव्या घालायचो त्याला."

बापूराव टोपी हातात फिरवत होते. "ते समदं ठीक," ते म्हणाले, "पर माज्या हरभऱ्याचं काय?" आणि लोक हसले. बापूरावही हसले. ठराव त्या दिवशी झाला नाही. हरभऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला, तो माझ्या ताटलीत सुटणारा नव्हता. गावाचं नाव लिहिलं नाही ते ह्यासाठीच. जे अप्पांनी भर सभेत कबूल केलं, ते गावोगाव चालतं आणि लोक मात्र एकाच गावाकडं बोट दाखवतील.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी झाल्या. अप्पांनी बरणी माझ्या हवाली केली, ती आम्ही प्रयोगशाळेत नेऊन रीतसर नष्ट केली. मेंढ्यांसाठी गावानं ओढ्याकडं वेगळा हौद बांधला. कोकरांना लस आणि ढाळ लागली तर मीठ-साखरेचं पाणी, हे गयाबाई इतरांना शिकवू लागली. शिवकांताबाई घरी आल्या. घाण काढायची तर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून आणि नंतर साबण, एवढं त्यांनी मान्य केलं.

सगळ्यांत अवघड होतं ते अप्पांना सांगणं की हातानं खाऊ घालणं थांबवा. वानरांना त्याची गरज नव्हती, झाडाला पाला भरपूर होता. हातातून देण्यानं दोन्हीकडचे जंतू इकडचे तिकडे होत होते. शिवाय दाण्यांची चव लागली की ती शेतात शिरतात. मी हे सगळं समजावलं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून दिलं नाही. शिवकांताबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, काळतोंड्यांचं काय न्हाई, त्यांना पाला हाय. पर हे धड जेवंनात बगा." ह्या गोष्टीतलं तेवढंच मला अजून टोचतं. मी बरोबर होते, तरी टोचतं.

निवृत्त व्हायच्या आधी एकदा आम्ही पुन्हा वडाखाली उभे राहिलो आणि पुन्हा ताटल्या लावल्या. फार काही बदललेलं नव्हतं. एकदा शिकलेला चिवटपणा जंतू लगेच सोडत नाही, कधी कधी सोडतच नाही. पण थोड्या ताटल्यांवर एका जुन्या, साध्या औषधाच्या टिकलीभोवती बारीकसं खळं दिसत होतं. मी खाजाभाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि म्हणाले, "ईदचा चाँद हाय बाई. दिसतो बी अन् दिसत बी न्हाई."

खाजाभाई आता नाहीत. त्यांच्या जागी कोणी लागलं का, मला माहीत नाही. तयार ताटल्या आता खोक्यातून येतात म्हणे.

मागच्या उन्हाळ्यात राणीसावरगावला एका लग्नाला गेले होते. परत निघताना गाडी वळवली आणि माळावर गेले. दुकान आहे. बिस्किटं, उदबत्त्या, चहाची पुडी. अप्पा थकलेत, पायरीवर बसले होते, हात मांडीत. मी शेजारी बसले. थोड्या वेळानं वडावरून एक म्हातारी वानरीण उतरली, संथपणे चालत आली आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर पायरीवर बसली.

"अजून येतात?" मी विचारलं.

"येतेत. पैल्यांदा हात बगायची. मी उलटा करून दावायचो, रिकामा. दात इचकून निघून जायची. मंग हळूहळू हात बगायचं सोडलं."

"मग आता कशाला येतात?"

अप्पांनी वानरिणीकडं पाहिलं. ती शेपूट पायरीवरून खाली सोडून रस्त्याकडं बघत होती.

"ते मला बी कळंना," ते म्हणाले. "बसतेत."

शिवकांताबाईंनी चहा आणला आणि त्याही पदर सावरून टेकल्या. ऊन देवळाच्या भिंतीवर गेलं होतं. चहा संपल्यावरही आम्ही चौघं तसेच बसून राहिलो.